आधी विहीर विचारा

लक्षद्वीपला जायचे ठरले की फोनवरचा पहिला प्रश्न ठरलेला : ‘रूम सी-फेसिंग आहे ना?’ हा प्रश्न सोडून द्या. कदमत बेट आठ-नऊ किलोमीटर लांब आणि सर्वांत रुंद जागी जेमतेम अर्धा किलोमीटर. दारातून डावीकडे गेलात तर समुद्र, उजवीकडे गेलात तर समुद्र. जुहूला खिडकीतून लाटा दिसाव्यात म्हणून जास्त पैसे मोजणे समजू शकते. कदमतवर, अगत्तीवर, कवरत्तीवर त्या पैशांना काही अर्थ नाही. शिवाय त्या खिडकीपायी तुम्ही नेमकी चुकीची जागा निवडता, कारण पाण्याला खेटून बांधलेली खोली बेटाला सर्वांत महाग पडते.

विचारायचेच असेल तर हे विचारा : तुमच्याकडे गोडे पाणी कुठून येते आणि वापरून झाल्यावर कुठे जाते?

शहरातून पॅकेज विकणाऱ्याला हा प्रश्न चमत्कारिक वाटेल. वाटू द्या. बेटावर जन्मलेल्या बाईला तो अजिबात चमत्कारिक वाटणार नाही, ती दर उन्हाळ्यात हाच विचार करत असते.

लक्षद्वीपची एकूण जमीन ३२ चौरस किलोमीटर. बेटे ३६, वस्ती त्यांतल्या दहांवर, आणि २०११ च्या जनगणनेत माणसे ६४,४७३. चौरस किलोमीटरला दोन हजार. फोटोत निळ्या पाण्यात एकाकी, रिकामी दिसणारी ही बेटे रिकामी नाहीत. महाराष्ट्राच्या सरासरी घनतेच्या पाचपटीहून जास्त दाटीने तिथे लोक राहतात, आणि तुम्ही निवडणार आहात ती खोली त्यांच्या गावात आहे.

एवढ्या माणसांना नदी नाही, ओढा नाही, धरण बांधायला डोंगर नाही. जमीन समुद्रसपाटीपासून एक-दोन मीटर वर. जे गोडे पाणी आहे ते पावसाचे, वाळूत मुरलेले. प्रवाळाच्या त्या सच्छिद्र वाळूत खालून समुद्राचे खारे पाणी शिरलेले असते आणि पावसाचे हलके पाणी त्याच्यावर पातळ थर धरून राहते, वरणावरच्या तुपासारखे. विहिरी खोदतात त्या याच थरापर्यंत. भरतीला विहिरीतले पाणी चढते, ओहोटीला उतरते. पोहऱ्याने काढले तर थर टिकतो. पंप लावून उपसले तर खालचे खारे पाणी वर ओढले जाते आणि विहीर मचूळ होते. मग ती गोडी व्हायला पुढच्या पावसाची वाट बघायची, आणि एका पावसात ती सुधारेलच असे नाही. किनाऱ्यालगतच्या विहिरींचे हे दुखणे कोकणात कुणाला सांगायला नको. पण कोकणात गावाच्या वरच्या अंगाला दुसरी विहीर सापडते. बेटाला वरचे अंगच नाही.

२००५ मध्ये कवरत्तीला राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेने एक देखणी यंत्रणा उभी केली. सुमारे ३५० मीटर खोलीवरचे १२-१३ अंशांचे गार पाणी लांब नळातून वर आणायचे. पृष्ठभागावरच्या २८ अंशांच्या पाण्याची कमी दाबाच्या टाकीत वाफ करायची. ती वाफ गार पाण्याने थंड केली की पिण्याचे पाणी. दिवसाला एक लाख लिटर. पुढे मिनिकॉयला, अगत्तीला आणि आणखी बेटांवरही अशी संयंत्रे आली. समुद्रातल्याच दोन थरांच्या तापमानांतल्या फरकावर गोडे पाणी काढणाऱ्या या अभियंत्यांचे मला मनापासून कौतुक वाटते. आता साधा भागाकार करा. कवरत्तीची लोकसंख्या ११ हजारांच्या वर. त्या पहिल्या संयंत्राचे पाणी माणशी नऊ लिटर पडते. पिण्याला आणि रांधण्याला पुरेल एवढेच.

मग तुमच्या खोलीकडे या. शॉवरखाली दहा मिनिटे उभे राहिलात तर शंभर लिटरच्या आसपास पाणी जाते, म्हणजे अकरा माणसांचा दिवस. खोलीपुढे खासगी पूल हवा असेल तर तोही मोजू. चार मीटर लांब, तीन मीटर रुंद, सव्वा मीटर खोल : १५ हजार लिटर. एका जोडप्याने पाय बुडवून बसायला सोळाशेहून जास्त माणसांचा एका दिवसाचा वाटा, आणि तोही पन्नास पावलांवर प्रवाळभिंतीच्या आतले शांत, उथळ, उबदार लगून पसरलेले असताना. बेटावर पूल असलेली खोली घेऊच नये. यात मधला मार्ग मला दिसत नाही.

‘आमचे स्वतःचे आरओ आहे, गावाच्या पाण्याला आम्ही हात लावत नाही,’ असे उत्तर मिळेल. पुढचा प्रश्न तयार ठेवा. समुद्राचे पाणी पडद्यातून दाबून गोडे करायला वीज भरपूर लागते. बेटांवरची बहुतेक वीज अजून डिझेल जाळून होते. सौर ऊर्जा वाढते आहे, तरी डिझेल मुख्य भूमीवरून जहाजाने येते, आणि पावसाळ्यात समुद्र खवळला की ते आणणे जिकिरीचे होते. शिवाय गोडे पाणी काढून घेतल्यावर उरते ते मूळ समुद्राहून कितीतरी खारट पाणी. ते कुठे सोडता? लगूनमध्ये सोडत असतील तर प्रवाळाच्या आणि समुद्री गवताच्या मुळावर सोडतात.

यंत्रावर सगळी भिस्त ठेवली की काय होते ते मालेने २०१४ च्या डिसेंबरात पाहिले. मालदीवच्या राजधानीतल्या पाणी-प्रकल्पाला आग लागली आणि लाखभर लोकांचे नळ कोरडे पडले. भारताने हवाई दलाच्या विमानांतून आणि नौदलाच्या जहाजातून पाणी पोचवले. देशाची राजधानी होती म्हणून मदत धावली. एखाद्या बेटाच्या टोकावरचे रिसॉर्ट बंद पडले तर पाहुणे विमानाने घरी जातील, आणि बेटावर उरेल खारावलेली विहीर.

सांडपाण्याबद्दल बोलायला लोकांना संकोच वाटतो. मी बोलणार. प्रवाळाची वाळू काही अडवून धरत नाही. शोषखड्ड्यात गेलेले पाणी थेट त्याच थरात उतरते ज्यातून शेजारची विहीर भरते, आणि जे विहिरीत थांबत नाही ते लगूनमध्ये पाझरते. लगूनमध्ये मैला आणि साबण मिसळला की शेवाळ माजते, शेवाळ माजले की प्रवाळ गुदमरतो. म्हणून संडासाचा खड्डा विहिरीपासून किती लांब आहे, टाकी तळाकडून बंद आहे का, ती उपसतात का, हे फोनवर विचारा. अस्सल मराठी माणूस सिंहगडाच्या पायथ्याच्या हॉटेलातही संडास बघून मगच खोली पक्की करतो. तीच चिकाटी इथे भिंतीपलीकडच्या खड्ड्यापर्यंत न्यायची आहे.

आता पाण्यावरच्या खोल्या, म्हणजे वॉटर व्हिला. लगूनमध्ये खांब रोवून त्यांवर लाकडी घर, खाली काचेची फरशी, रात्री दिव्याच्या उजेडात मासे बघायचे. फोटो अप्रतिम येतात, मान्य. पण लगून ही मोकळी पडलेली जागा नाही. ते मच्छीमारांचे शेत आहे. मिनिकॉयचा आणि इतर बेटांचा ट्यूना, आपल्याकडचा कुपा, जाळ्याने ओरबाडून आणत नाहीत. पहाटे लगूनमध्ये छोटे जिवंत मासे पकडतात, होडीच्या पोटातल्या समुद्राच्या पाण्यात ते जिवंत ठेवतात, खोल समुद्रात ट्यूनाचा थवा दिसला की ते त्याच्यापुढे टाकतात, वरून पाण्याचे फवारे मारतात आणि लांब काठ्यांच्या गळांनी एकेक मासा उचलून होडीत घेतात. जगातल्या सर्वांत स्वच्छ मासेमारीत या पद्धतीची गणना होते. ती उभी आहे लगूनमधल्या त्या बोटभर माशांवर, आणि ते मासे प्रवाळाच्या आणि समुद्री गवताच्या आडोशाला वाढतात. तिथे खांब रोवले, वर छप्पर घातले, तळाचा गाळ ढवळला आणि सूर्यप्रकाश अडवला की आमिष कमी होणार. अगत्तीच्या लगूनमध्ये हिरव्या समुद्री कासवांची संख्या वाढून त्यांनी गवत खाऊन संपवले, तेव्हाही मासे घटले आणि कोळ्यांनी तक्रार केली. निसर्गातल्या एवढ्याशा फेरफारानेही तिथे चुलीपर्यंत परिणाम पोचतो.

टाटा समूहाच्या हॉटेल कंपनीने जानेवारी २०२३ मध्ये सुहेली आणि कदमत या दोन ठिकाणी ताज रिसॉर्टची घोषणा केली. प्रत्येकी ११० खोल्या. सुहेलीला त्यांपैकी ५० पाण्यावर, कदमतला ३५. सुहेलीवर कायमची वस्ती नाही हे खरे, पण हंगामात मच्छीमार तिथे मुक्काम करतात, मासे सुकवतात, माड उतरवतात. जबाबदारीने बांधू असे प्रत्येक बांधणारा म्हणतो, आणि त्यांच्या हेतूविषयी माझी शंका नाही. शंका आकड्याविषयी आहे. ११० खोल्या म्हणजे दोनशेवर पाहुणे, तेवढेच किंवा त्याहून जास्त नोकर, त्यांचे पाणी, त्यांची धुणी, त्यांचा कचरा. कदमतवर २०११ मध्ये साडेपाच हजारांच्या आत माणसे होती. माझे मत स्पष्ट आहे : लगूनमध्ये खोली बांधू नये आणि बांधलेली असली तर घेऊ नये.

प्रवाळाची अवस्था बघितली तर हे मत जास्तच पक्के होते. १९९८ मध्ये समुद्र तापून लक्षद्वीपचा प्रवाळ पांढरा पडला, मग २०१०, मग २०१६, मग २०२४. पहिल्या वेळेनंतर मिळाली तेवढी उसंत सावरायला पुन्हा मिळाली नाही. इथल्या प्रवाळाचा दोन दशकांहून जास्त काळ अभ्यास करणाऱ्या संशोधकांच्या नोंदीनुसार १९९८ पासूनच्या २४ वर्षांत जिवंत प्रवाळाचे आच्छादन जवळपास निम्म्यावर आले. हा प्रवाळ फक्त बघण्यासाठी नाही. नैर्ऋत्येकडून आलेली पावसाळी लाट बाहेरच्या प्रवाळभिंतीवर फुटते म्हणून आतले बेट टिकते. पायाखालची पांढरी वाळूही त्याचीच. पोपटमासे प्रवाळ कुरतडतात, पोटातून बारीक करून टाकतात, आणि त्याची वर्षानुवर्षे साठत गेलेली वाळू म्हणजे तुमचा किनारा. प्रवाळ मेला की वाळू बनणे मंदावते आणि लाटा आत येतात. बंगारमच्या प्रवाळमंडळातले परळी-१ हे निर्जन बेट १९६८ मध्ये साधारण आठ एकरांचे होते. ते पूर्ण वाहून गेल्याचे २०१७ मध्ये संशोधनातून समोर आले.

२०२४ च्या जानेवारीत पंतप्रधानांचे लक्षद्वीपमधले फोटो आले, पाठोपाठ मालदीवच्या उपमंत्र्यांची शेरेबाजी आली, आणि आठवडाभरात अनेकांनी मालदीवचे बुकिंग रद्द करून लक्षद्वीप शोधायला सुरुवात केली. देशाभिमान मला समजतो. त्यापाठोपाठ ‘लक्षद्वीपचे मालदीव करा’ ही मागणी आली ती मात्र साफ चुकीची आहे. मालदीवकडे सुमारे १,२०० बेटे आहेत आणि वस्ती त्यांतल्या दोनशेच्या आसपास बेटांवर. १९७२ मध्ये त्यांनी पहिले रिसॉर्ट काढले तेव्हापासून एक रिकामे बेट, एक रिसॉर्ट असा त्यांचा हिशेब चालला. एवढी रिकामी बेटे असूनही कचरा ठेवायला त्यांना जागा उरली नाही, आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून थिलाफुशीचे उथळ लगून कचऱ्याने भरत त्यांनी एक आख्खे बेट तयार केले. आपल्याकडे मोजून ३६ बेटे. त्यांतली बरीचशी इतकी चिमुकली की माड आणि पक्षी यांच्यापलीकडे त्यांना काही पेलत नाही.

मालदीवकडून शिकायचे असेल तर त्यांनी २०१० च्या आसपास केलेली दुरुस्ती शिका. वस्तीच्या बेटांवर सामान्य कुटुंबांना गेस्टहाऊस चालवायला त्यांनी परवानगी दिली, आणि कित्येक दशके रिसॉर्टच्या मालकांपुरता राहिलेला पर्यटनाचा पैसा गावातल्या घरांत येऊ लागला. पर्यटनाचा तो भाग आपल्याकडे आणण्यासारखा आहे, आणि अगत्ती, कवरत्तीसारख्या बेटांवर होमस्टेच्या रूपाने तो सुरूही झाला आहे.

म्हणून माझी पहिली पसंती गावातल्या होमस्टेला. समुद्रापासून आत, माडांच्या सावलीत, दोन किंवा तीन खोल्यांचे घर. माडांमुळे दुपारी उकाडा कमी, वारा दोन्ही बाजूंनी वाहता, आणि भिंतीपलीकडे शाळेत जाणारी मुले. रेशन आणायला गेलेला मालक आणि तुम्ही एकाच बोटीच्या वेळापत्रकाकडे डोळे लावून बसता. तुमचे पैसे त्याच बेटावर खर्च होतात. इथल्या मुस्लिम समाजात घर आणि माड परंपरेने आईकडून मुलीकडे चालत आलेले आहेत, त्यामुळे घराचा निर्णय कुणाचा हे फोन उचलणाऱ्या पुरुषावरून ठरवू नका. खोलीच्या मालकिणीशी बोला. पाणी किती आहे, कधी जपायचे, हे तीच नेमके सांगेल.

घर बेटावरच्या माणसाचे आहे ना, हे आवर्जून बघा. बाहेरच्यांना इथली जमीन विकत घेता येत नाही. त्या नियमाने आजवर बेटे राखली. २०२१ मध्ये विकास प्राधिकरणाच्या नियमावलीचा मसुदा आला तेव्हा बेटकऱ्यांना जमीन जाण्याची भीती वाटली. देशभरातल्या शास्त्रज्ञांनीही तो मागे घ्यायची मागणी केली. ती भीती अजून ओसरलेली नाही. तुम्ही कुणाला भाडे देता त्यावरून तुम्ही कुणाच्या बाजूने उभे आहात हे तिथल्या लोकांना कळते.

एसीबद्दल आग्रह कमी करा. डिझेल जाळून झालेली थंडी असते ती. पंखा, जाळीची खिडकी आणि मच्छरदाणी असलेली खोली ऑक्टोबर ते फेब्रुवारीत पुरते. आजी-आजोबा सोबत असतील, कुणाला दम्याचा त्रास असेल, तर एसी घ्या. त्यात काही वाद नाही.

दुसरी पसंती बहुतेकांना सुचतच नाही : जहाज. पर्यटन खात्याच्या ‘स्पोर्ट्स’ या संस्थेची ‘समुद्रम’ नावाची पाच दिवसांची सहल कोचीहून निघते. दिवसा कवरत्ती, कल्पेनी, मिनिकॉय बघायचे, रात्री झोपायला परत जहाजावर. सातशे प्रवाशांचे ‘एमव्ही कवरत्ती’ हेच तुमचे हॉटेल. बेटावर एकही खाट वाढत नाही, एकही खड्डा भरत नाही, विहिरीवर रात्रीचा भार पडत नाही. केबिन साधी असते, समुद्र लागणाऱ्यांनी गोळी जवळ ठेवावी. लगून उथळ असल्यामुळे अनेक ठिकाणी जहाज बाहेर नांगरते आणि तिथून लहान बोटीत उतरावे लागते. गुडघेदुखी असलेल्यांनी हे आधी लक्षात घ्यावे, भरल्या लाटेत त्या बोटीत पाय टाकणे सोपे नसते. पण चार माणसांच्या कुटुंबाने पहिल्यांदा लक्षद्वीप बघायचे तर मी डोळे मिटून हीच सहल सुचवीन. एका फेरीत मिनिकॉय बघायला मिळते हे त्यातले खास. ते उरलेल्या बेटांपासून दोनशे किलोमीटर दक्षिणेला, भाषा मल्याळमच्या वळणाची नाही तर महल, मालदीवच्या दिवेहीची बहीण, आणि १८८५ चे दीपगृह अजून उभे.

बंगारमला वस्ती नाही, तंबू आणि कुटिरे आहेत, दारूबंदीतून सूटही तिथेच आहे. बाकी बेटांवर दारू मिळत नाही, मागूही नये. बाटलीवाचून ज्यांची सुट्टी होत नाही त्यांच्यासाठी देशात दुसरे किनारे भरपूर आहेत.

कधी जायचे यावर मराठी घरांशी मला भांडायचे आहे. शाळांना मे महिन्यात सुट्टी, म्हणून आपण मे महिन्यात बेट शोधतो. लक्षद्वीपला तो सर्वांत वाईट काळ. मागचा पाऊस सरून सहा महिने झालेले, विहिरींतला गोडा थर सर्वांत पातळ. एप्रिल-मेमध्येच समुद्र सर्वांत तापतो आणि प्रवाळ पांढरा पडतो तोही त्याच दिवसांत. मेच्या मध्यानंतर समुद्र उसळू लागतो, बोटी अडकतात. दिवाळीच्या सुट्टीत जा. मिनिकॉयला वर्षाला १,६०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, बहुतेक मोसमी. तो नुकताच मुरलेला असतो, विहिरी भरलेल्या असतात, समुद्र निवलेला असतो. २०२४ मध्ये गोव्यातल्या मोपाहून अगत्तीला थेट विमान सुरू झाले. कोल्हापूर, सावंतवाडी, रत्नागिरीकडच्यांना कोची गाठायचा खटाटोप त्यामुळे उरला नाही. ही सोय झाली याचा आनंद आहे. तिच्यामुळेच मेमधली गर्दी वाढणार याची धास्तीही आहे.

जेवण खोलीच्या भाड्यात धरलेले असते, म्हणून तेही खोली निवडतानाच बोलून घ्या. तिथे पिकते ते नारळ, नीरफणस, केळी, शेवगा, अळू, आणि समुद्रात मिळतो ट्यूना. बटाटे, टोमॅटो, पनीर, दूध हे सगळे जहाजाने. शाकाहारी माणसाचे काही अडत नाही. नारळाच्या रसातला नीरफणस आणि शेवग्याची आमटी मिळाली तर तो सुखी होईल. पण तीन वेळा पनीर मागितले तर ते कोचीहून बर्फात येणार, त्याचे प्लास्टिक बेटावर राहणार, आणि बेटावर कचरा टाकायला पडीक जागा कुठेच नाही. सहा दिवस पुरेल असा फरसाण, लाडू घरून न्या, आणि रिकाम्या पिशव्या परत बॅगेत भरा. पाण्याच्या बंद बाटल्या मागू नका. उकळलेले पाणी देता का, एवढे विचारले की पुरे.

परवान्याविषयी फार कुरकुर ऐकू येते. १९६७ च्या नियमांपासून लक्षद्वीपला जायला प्रवेश परवाना लागतो, आणि आपल्याच देशात परवानगी कशाला, असे लोक तावातावाने विचारतात. माझ्या मते ही बेटे आज निळी, स्वच्छ, ओळखीची राहिली त्याला दोन गोष्टी कारण आहेत : हा परवाना आणि खोल्यांची टंचाई. महाबळेश्वरला, माथेरानला, तारकर्लीला खोल्या वाढवत नेल्यावर पाण्याचे आणि कचऱ्याचे काय झाले ते आपण आपल्या डोळ्यांनी बघितले आहे. तिथे निदान टँकर चढतो. परवाना सोपा जरूर करावा, दलालांना मध्ये येऊ देऊ नये. काढून टाकू नये.

राहिला सहल कंपन्यांचा चाळीस जणांचा ग्रुप. महाराष्ट्रात ग्रुपने जायची मोठी आवड आहे आणि ज्येष्ठांना त्यानेच जग बघायला मिळते, हे मी मान्य करतो. पण चाळीस जणांना एका बेटावर, एकाच जागी, एकाच रात्री खोल्या द्या, असा आग्रह धरला की होमस्टे आपोआप बाद होतात आणि उरते ते मोठे बांधकाम. मोठ्या रिसॉर्टला गिऱ्हाईक मिळते ते या आग्रहातून. कंपन्यांनी ग्रुपचे चार भाग करावेत, वेगवेगळ्या घरांत, जमले तर दोन बेटांवर. सहल व्यवस्थापकाची धावपळ वाढेल, वाढू द्या. ते जमत नसेल तर जहाज घ्यावे. आणि तिकीट आधी काढून मग खोली शोधायची सवय तर अगोदर मोडावी लागेल, कारण परवाना बेटाच्या नावाने मिळतो : आधी घर पक्के करा, मग परवाना काढा, तिकीट शेवटी.